डोंगरावर भीड कामाची नाही

डोंगर चढणे ही आपल्या भागात नवलाची गोष्ट नाही. श्रावणातल्या शनिवारी जरंडेश्वराच्या मारुतीला पायी जाणारी, सज्जनगडाच्या पायऱ्या वर्षातून दोनदा तरी चढणारी कितीतरी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात आहेत. डोक्यावर भारा घेऊन रोज डोंगर उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या माणसांची तर गणतीच नाही. नवीन आहे ते शनिवार-रविवारचे सामूहिक ट्रेकिंग. पाच दिवस कचेरीत, दुकानात किंवा संगणकासमोर बसणारी पंधरा-वीस किंवा चाळीस-पन्नास माणसे शनिवारी रात्री गाडी करून निघतात, पहाटे पायथ्याला उतरतात, दिवसभर अवघड वाटेने गड चढून उतरतात आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होतात. पूर्वी हा छंद पुण्या-मुंबईच्या मोजक्या मंडळींचा होता. आता तालुक्याच्या गावांतूनही असे गट निघतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपला प्रतापगडही आहे. त्यामुळे गडांकडे वळणारी पावले पुढच्या काळात वाढणारच.

आरोग्याच्या सदरात लिहिणाऱ्याने या गोष्टीचे स्वागतच केले पाहिजे आणि मी ते करतो. मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेली पोटे यांच्या या काळात माणसे आपण होऊन घाम गाळायला निघाली आहेत, याहून चांगली बातमी कोणती? तरीही या उत्साहात एक गोष्ट खटकते आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. डोंगरात माणसे अडचणीत येतात ती नेहमी डोंगरामुळे येतात असे नाही. पुष्कळ वेळा ती भिडेमुळे येतात. दम लागला तरी सांगायची भीड, आजार आहे हे कबूल करायची भीड, लघवीला जायचे आहे म्हणायची भीड, मागे फिरायची भीड. भीड ही भिकेची बहीण, असे आपले जुने लोक म्हणत. डोंगरावर ती त्याहून वाईट नाते जोडते.

फायदा खरा आहे

आधी जमेची बाजू पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काम करावे. एका चांगल्या ट्रेकमध्ये हा हिशेब एका दिवसात पुरा होतो. पण आठवड्याचा व्यायाम एकदोन दिवसांत उरकला तर त्याचा उपयोग होतो का, अशी शंका अनेकांना असते. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटाला हालचाल मोजणारे यंत्र बांधून मिळवलेली माहिती २०२३ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एकदोन दिवसांत करणाऱ्यांनाही हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे आणि पक्षाघात यांचा धोका कमी आढळला. रोज थोडा थोडा व्यायाम करणाऱ्यांना जवळपास तेवढाच फायदा दिसला.

याचा अर्थ रविवारचे चालणे फुकट जात नाही. मात्र एक लक्षात घ्यावे. तो अभ्यास आठवड्यामागून आठवडे नेमाने हालचाल करणाऱ्यांविषयी आहे. वर्षातून दोनदा, मित्राने आग्रह केला म्हणून, थेट अवघड गडावर जाणाऱ्याला त्याचा आधार घेता येणार नाही.

सहा दिवस बैठक, सातव्या दिवशी कडा

अशा माणसाविषयी सांगणारा अभ्यास दुसराच आहे आणि तो जुना आहे. १९९३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना विचारले, की झटक्याच्या आधीच्या तासाभरात तुम्ही काय करीत होता? जड श्रमानंतरच्या तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा किती वाढतो, हे त्यातून काढले. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो सुमारे अडीच पट निघाला. आठवड्यातून एकदाही धड व्यायाम न करणाऱ्यांत तो शंभर पटींहून अधिक निघाला! कोणत्याही एका तासात झटका येण्याची शक्यता मुळात फारच थोडी असते, म्हणून या आकड्याने घाबरून जाऊ नये. पण त्याचा रोख स्पष्ट आहे. श्रमाची सवय हेच हृदयाचे चिलखत आहे, आणि ते रविवारी पहाटे पायथ्याशी भाड्याने मिळत नाही.

आता एका नेहमीच्या ट्रेककडे शरीराच्या बाजूने पाहा. शनिवारी दिवसभर काम झालेले असते. रात्रीचा प्रवास, गाडीत गाणी आणि गप्पा, झोप जेमतेम दोन-तीन तास. पहाटे घाईघाईत चहा आणि बिस्किटे. पोट साफ नाही, पाणी पोटात नाही. अशा अवस्थेत पाठीवर आठ-दहा किलोंची सॅक चढवून माणूस उभ्या चढाला लागतो. हृदयाचे ठोके भराभर वाढतात, रक्तदाब चढतो, घामावाटे पाणी आणि मीठ जाऊ लागते. तरुण आणि सवयीच्या शरीराला हे झेपते. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्या, रक्तदाब कधी मोजूनच न घेतलेल्या शरीराला मात्र ही परीक्षा अभ्यास न करता दिल्यासारखी होते.

छातीच्या मध्यभागी दडपण किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, थंड घाम फुटणे, थोडे थांबूनही दम न ओसरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही लक्षणे दिसताच चढणे त्या क्षणी थांबवावे. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पिऊन पुढे जाणारे लोक असतात. उभ्या चढावर आलेली आणि थांबल्यावर कमी होणारी छातीतली कळ ही पित्ताची नाही असेच धरून चालावे. पित्त निघाले तर आनंदच आहे.

शेवटचा माणूस

गटाने चालण्याची आपल्याकडची रीत पाहिली तर भिडेचे मूळ सापडते. चार-पाच तरणी पोरे झपाझप पुढे जातात. वर एखाद्या झाडाखाली बसतात, खातात, फोटो काढतात. अर्ध्या तासाने धापा टाकीत शेवटची मंडळी पोहोचतात. ती आली की पुढचे उठतात, 'चला, आले सगळे!' आणि निघतात. म्हणजे ज्यांना विसाव्याची गरज नव्हती त्यांना अर्धा तास मिळाला आणि ज्यांना गरज होती त्यांना पाच मिनिटेही मिळाली नाहीत. शेवटचा माणूस दिवसभर न थांबता चालतो, आणि आपल्यामुळे सर्वांना उशीर होतो आहे या शरमेने चालतो. तो पाणी प्यायला थांबत नाही, बुटात गेलेला खडा काढत नाही, पाय लचकला तरी बोलत नाही. संध्याकाळी पडतो तो बहुधा हाच.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून ठरवावा. वाट माहीत असलेला माणूस सर्वांत पुढे, त्याच्या मागे लगेच सावकाश चालणारे आणि सर्वांच्या मागे एक अनुभवी, दमदार माणूस, अशी रांग असावी. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. विसाव्याची वेळ शेवटचा माणूस टेकला की सुरू व्हावी. चढताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवावा. एक वाक्यही धड पुरे करता येत नसेल, तर वेग आपल्या हृदयाला जास्त होतो आहे असे समजावे. जरंडेश्वराला जाणाऱ्या आजीबाईंना हे कोणी शिकवलेले नसते. त्या चार पावले चालतात, टेकतात, नाव घेतात, पुन्हा चालतात, आणि वर पोहोचतात.

पाण्याची चोरी

स्त्रियांच्या बाबतीत भिडेचे एक रूप असे आहे, की ज्याविषयी गटात कोणी बोलतच नाही. वाटेत आडोसा नसतो, बरोबर पुरुष असतात, थांबा म्हणायचा संकोच वाटतो. म्हणून अनेक मुली आणि बायका आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पितात आणि दिवसभर लघवी अडवून धरतात. त्याचे फळ सोमवार-मंगळवारी जळजळ, थंडी-ताप आणि ओटीपोटात दुखणे या रूपाने दवाखान्यात येते. उन्हात तर याहून वाईट घडू शकते, कारण पाणी कमी पडलेले शरीर घाम गाळू शकत नाही आणि घामाशिवाय त्याला थंड होता येत नाही. प्रत्येक गटाने दर दीड-दोन तासांनी ठरवून थांबावे. पुरुष पुढे, स्त्रिया मागे, दहा मिनिटे, असे आधीच जाहीर करावे. कोणाला विचारावे लागता कामा नये. पाळीच्या दिवसांतही हाच नियम उपयोगी पडतो. वापरलेल्या घड्या कागदात गुंडाळून पिशवीतून खाली आणायच्या, हेही उघडपणे सांगावे.

पाणी किती प्यावे, याचे एकच माप सर्वांना लागू नाही. दिवसभराच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी जवळ असावे आणि तहानेप्रमाणे घोट घोट प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि थोडी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे. मात्र तासनतास घाम गाळून नुसते साधे पाणी भडाभडा पीत राहणेही बरे नाही. रक्तातील मीठ पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे, प्रसंगी झटके येणे, असे होऊ शकते. म्हणून पाण्याबरोबर खारट काहीतरी पोटात जावे. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, कोकम सरबत, खारे शेंगदाणे, घरची थालीपिठे आणि लोणचे, हे आपले जुने पदार्थ परदेशी पेयांना हार जाणारे नाहीत. जलसंजीवनीची दोन पाकिटे प्रत्येकाच्या सॅकमध्ये असावीत. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावे, अर्धे अर्धे करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दारू हे या यादीत कुठेच बसत नाही. गडावर ती पिणे गडाचा अपमान आहेच, पण ती शरीरातले पाणी बाहेर काढते आणि पावलाचा अंदाज चुकवते, एवढे कारणही डॉक्टरला पुरेसे आहे.

उतार फसवतो

चढताना दम लागतो, म्हणून चढाला लोक घाबरतात. इजा मात्र उतारावर अधिक होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. अशा कामाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. गुडघ्याच्या वाटीवरही उतारावर चढापेक्षा जास्त दाब येतो. त्यात दिवस कलत असतो, पाय थरथरत असतात, घरी जायची घाई असते आणि घसाऱ्याची मुरमाड वाट असते. म्हणून निम्मी ताकद उताराला राखून ठेवावी. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत, हातात काठी असावी. काठी म्हातारपणाची खूण नव्हे. डोंगरातला धनगर ती विशीतही सोडत नाही.

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढून चोळत बसू नये. थंड पाण्याची पट्टी, इलॅस्टिक बँडेज, पाय उंच आणि विश्रांती. चार पावलेही टाकता येत नसतील तर हाड मोडले असू शकते. तो पाय टेकवू न देता खाली आणून एक्स-रे काढावा. गुडघा दुखू नये म्हणून सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन निघायची एक नवी टूम निघाली आहे. ती धोक्याची आहे. पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. आणि ट्रेकनंतर लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी तांबूस-काळी झाली, अंग फार दुखत असले, तर घरी झोपून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अतिश्रमाने फुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडात अडकल्याचे ते लक्षण असू शकते.

घड्याळ आणि अंतर

आपल्या जिल्ह्यातला वासोटा घ्या. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जायचे. बोटीतच तासाहून अधिक वेळ जातो. मग कोयनेच्या घनदाट जंगलातून उभा चढ. वन खात्याची परवानगी घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. गडाच्या माथ्यावर एखाद्याला काही झाले, तर आधी त्याला उचलून जंगलातून खाली, मग बोटीने बामणोली, मग घाटाच्या रस्त्याने सातारा. बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नाही. इथे 'काही झालेच तर १०८ ला फोन करू' या हिशेबाला अर्थ राहत नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात चांगले काम करते आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंतचे सर्व तास गटाचे स्वतःचे असतात.

सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारांवर चालणारे एकच प्रतिविष आहे आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. ते लवकर मिळाले तर जीव वाचतो. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, मंत्र-तंत्र, यांत जाणारा वेळ प्रतिविषाचा असतो. रुग्णाला धीर द्यावा, अंगठी-कडे काढावे, चावलेला हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, त्याला चालू न देता उचलून न्यावे. साप शोधत किंवा मारत बसू नये. विंचवाची गोष्टही आपल्या शेजारचीच आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन माणसे दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले आणि असंख्य जीव वाचले. पण हा उपायही डॉक्टरच्या हातीच आहे. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे दिसले तर घरगुती लेपात वेळ घालवू नये. बूट घालण्यापूर्वी झटकणे, दगडाखाली हात न घालणे आणि अंधारात विजेरीशिवाय न फिरणे, एवढ्यानेच यातले बरेच टळते. आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर, आरडाओरडा आणि अत्तरे नकोत, हेही त्यातच आले.

ऋतूचेही तसेच. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात सुट्टीच्या दिवसांत ट्रेकला गेलेले गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जीव गेले. फाल्गुन-चैत्रात वाळलेल्या गवताचे डोंगर आपल्याकडेही पेटतात. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातून आलेल्या लोंढ्याने एकाच कुटुंबातील पाच जणांना नेले. वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही. ओढ्याचे पाणी गढूळ झाले किंवा आवाज बदलला की पात्रातून बाहेर पडायचे, यात वाटाघाटी नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात बडबड करू लागलेला, तोल जाणारा माणूस 'गंमत' करीत नसतो. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेल्याचे ते चिन्ह असू शकते. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने न्यावे. उलट, पावसात चिंब होऊन वाऱ्यात कुडकुडणारा माणूस जुलैतही गारठून बेशुद्ध होऊ शकतो. एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला असावा.

विचारा आणि सांगा

गट नेणाऱ्यांना माझे सांगणे असे, की पैसे घेऊन नेत असाल किंवा मित्र म्हणून नेत असाल, आधी विचारा. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, गरोदरपण, झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधे, घरच्यांचा फोन. हे चार ओळींचे कार्ड प्रत्येकाकडून खासगीत भरून घ्या. गाडीत सर्वांसमोर 'कोणाला काही आजार आहे का?' असे ओरडून विचारले तर खरे उत्तर कधीच येणार नाही. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि व्यवसाय म्हणून अशा सहली नेणाऱ्यांनी नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. समाजमाध्यमावर चित्र टाकून दोन दिवसांत पन्नास माणसे गोळा करणाऱ्याला निदान एवढे विचारा, की नोंदणी आहे का, प्रथमोपचार शिकलेला माणूस कोण, वाट पूर्वी केली आहे का, आणि मागे फिरायची वेळ किती वाजता ठरली आहे? उत्तर देताना जो अडखळतो त्याच्या गाडीत बसू नये.

जाणाऱ्यांनीही खरे सांगावे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दिवसभराच्या चालीने एकदम उतरू शकते, कधी कधी रात्री झोपेतही. त्यांनी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी आणि खिशात साखर ठेवावी. दम्याचा पंप गाडीत नव्हे, खिशात हवा. लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना उन्हात चक्कर येऊ शकते. यातला कोणताही आजार डोंगराची दारे बंद करीत नाही. तो लपवणे मात्र बंद करते. बरोबरच्याला आपला आजार माहीत नसेल, तर बेशुद्ध पडल्यावर तो सांगायचा कोणी?

काही जण म्हणतील, डॉक्टर, एवढे नियम लावले तर त्यात साहस ते काय राहिले? धोका नसेल तर घरी गच्चीवरच फिरू. या म्हणण्यात तथ्य आहे. धोका शून्यावर आणता येत नाही आणि आणूही नये. पण धोका पत्करणे वेगळे आणि तो दुसऱ्याच्या गळ्यात घालणे वेगळे. दरीत अडकलेल्याला काढायला रात्री कोण जाते? पायथ्याच्या वाडीतली माणसे, दिवसभर शेतात राबलेली. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरे, स्वतःची कामे टाकून. त्यांनाही घरी आईबाप आणि लेकरे आहेत. आपण सांगायला लाजलो, म्हणून त्यांनी दोरावर लोंबकळायचे, हे साहसात बसत नाही.

सहा आठवड्यांचे देणे

मग करायचे काय? अवघड गड ठरवला असेल तर सहा आठवडे आधी तयारीला लागावे. पहिले दोन आठवडे रोज पाऊण तास भरभर चालणे. पुढचे दोन आठवडे त्यातले तीन दिवस चढावर. आपल्याला यासाठी कुठे जायला नको, अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट दाराशी आहेत. सातारा हिल मॅरेथॉनची मंडळी २०१२ पासून तिथेच तर घाम गाळतात! शेवटचे दोन आठवडे पाठीवर भरलेली सॅक घेऊन चढणे आणि मुख्यतः उतरणे. जोडीला दिवसाआड उठाबशा आणि जिना. नवे बूट याच काळात घालून मोडावेत, गडावर नव्हे. चाळिशी उलटलेल्यांनी, तंबाखू घेणाऱ्यांनी आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना लहान वयात हृदयविकार झाला त्यांनी आधी रक्तदाब, साखर आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून घ्याव्यात. आदल्या रात्री सहा-सात तास झोप मिळेल असाच प्रवास आखावा. ताप, जुलाब किंवा ताजी सर्दी-खोकल्याची साथ अंगात असेल तर त्या रविवारी घरीच राहावे. गड शेकडो वर्षे तिथे आहे, पुढच्या रविवारीही असेल. परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगावर कोठे काळी खपली दिसली तर तीही दाखवावी. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस वेळीच ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो.

आणि एक गोष्ट औषधाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेली. अर्ध्या वाटेवर 'मी इथून परत जातो' म्हणणाऱ्याची टिंगल करू नका. त्याच्याबरोबर एक माणूस द्या, पाणी द्या आणि त्याला शाबासकी द्या. वरचे निशाण गाठलेला आणि वेळीच मागे फिरलेला, दोघांनाही संध्याकाळी गाडीत सारखीच जागा आहे. ज्या गटात माणूस न लाजता मागे फिरू शकतो, त्या गटाबरोबर आपल्या मुलाबाळांना खुशाल पाठवा. ज्या गटात तसे म्हणायची सोय नाही, त्याच्यापेक्षा आपला अजिंक्यतारा बरा.